परतीची तार

तुळशीराम मेश्रामांच्या हातात एखादं इलेक्ट्रॉनिक कार्ड दिलं की ते आधी ते उलटं करायचे. पुढच्या बाजूला ओळीत बसलेल्या काळ्या आयसी, रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर, ज्यांच्यापायी आपण आठ-आठ दिवस डोळे फोडलेले असत, तिकडे ते ढुंकूनही बघत नसत. मागची तांब्याची नक्षी उजेडाकडे धरायची, शर्टाच्या खिशातली आगकाडी काढायची आणि तिच्या टोकानं एकेक वाट चालत निघायचं. बनवणारा शेजारी उभा राहून उत्साहानं सांगायला लागे, की सिग्नल इथून निघतो, मग असा वळून तिकडे जातो. मेश्रामजी दोन मिनिटं ऐकून घेत आणि म्हणत, "गेला कसा थे नका सांगू. वापस आला कसा थे सांगा."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते अध्यात्मातलं वाटलं. बालाघाटात त्या काळी चहाच्या टपरीवरही अध्यात्म बोलणारी माणसं भेटत, त्यामुळे मी आदरानं मान हलवली. मग कळलं, की हा माणूस तारेबद्दल बोलतोय. विजेला जायला जशी एक वाट लागते तशी परत यायलाही लागते. जाणारी तार सगळे जिवापाड जपतात, परतीची मात्र जागा मिळेल तिथून, कशीही फिरवतात. मेश्रामजींचं म्हणणं असं, की बिघाड शोधायचा तर या दुसऱ्या तारेपासून सुरुवात करावी.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जबलपूरहून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन मी गावी परतले होते आणि बालाघाटजवळच्या एका मॅंगनीजच्या खाणीत, इन्स्ट्रुमेंट विभागात असिस्टंट इंजिनियर म्हणून लागले होते. खाणीचं नाव सांगत नाही. त्या भागात खाणी पुष्कळ आहेत, आणि जे घडलं ते कुठेही घडू शकलं असतं. पहिलं वर्ष प्रोबेशनचं. त्या वेळच्या कायद्यानं बाईला जमिनीखाली उतरायची परवानगी नव्हती, त्यामुळे जिथे मी नोकरी केली ती खाण मी आतून कधीच पाहिली नाही. खाणीचं तोंड, त्याच्यावरचं लोखंडी मनोऱ्याचं चाक, आणि त्यावरून आत-बाहेर जाणारा दोर, एवढीच माझी खाण.

मेश्रामजी फोरमन होते. कागदोपत्री माझ्या हाताखाली. वयानं माझ्या वडिलांएवढे. फौजेत वायरलेस दुरुस्तीत बरीच वर्षं काढून आलेले, त्यामुळे कपडे कडक इस्त्रीचे आणि बोलणं मोजकं. शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडे कुठेतरी थांबलेलं. मी घरी पहिल्या आठवड्यातच त्यांचं इतकं कौतुक सांगितलं, की आईनं आडनाव विचारलं. मी सांगितलं. "बरं," म्हणाली. त्या 'बरं'चा अर्थ मला तेव्हाही कळला होता आणि मी काही बोलले नव्हते.

त्यांच्या टेबलावर दोन वस्तू कायम असत. एक सुपारीचा पत्र्याचा डबा, त्यात मसूरएवढे छोटे कपॅसिटर भरलेले. दुसरा एक खिशात मावणारा रेडिओ. नव्या माणसाला वाटे, फोरमनसाहेबांना गाण्यांचा शौक आहे. शौक होताच, पण रेडिओ त्यासाठी नव्हता. ते तो दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावत आणि चालू कार्डावरून सावकाश फिरवत. जिथे खरखर वाढे तिथे बोट ठेवत. "इथं कोनीतरी बोंबलून राह्यलं," असं म्हणून ते त्या जागेवर खडूनं टिंब काढत. त्या टिंबाच्या आसपास हमखास काहीतरी सापडे. मी कॉलेजात याच कामासाठीची महागडी यंत्रं चित्रात पाहिली होती.

मला कामावर येऊन पंधरा दिवस झाले असतील. दुपारी मेश्रामजींनी वर्कशॉपच्या अंगणात टीव्हीच्या अँटेनाला लागते तसल्या जाड केबलीचं भेंडोळं सोडलं. केबल आंब्याखालून, सायकल स्टँडला वळसा घालून परत दारापर्यंत आली. तिचं एक टोक स्कोपला, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला जोडलं आणि मला पडद्यासमोर बसवलं. एका आयसीतून त्यांनी तारेत विजेचा झटका सोडला. पडद्यावर एक उंचवटा दिसला. त्याच्या पुढे, थोड्या अंतरावर, तसाच दुसरा.

"दुसरा कोनाचा?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "स्कोप बिघडलाय."

केबलीचं मोकळं टोक हातात घेऊन त्यांनी आतली तार बाहेरच्या जाळीला चिकटवली. पडद्यावरचा दुसरा उंचवटा उलटा झाला, खड्डा झाला. मग त्या टोकाला एक फिरवायचा रेझिस्टर लावून ते त्याचा खुंटा पेचकसानं हळूहळू फिरवू लागले. खड्डा भरत आला, सपाट झाला, नाहीसा झाला.

"तार संपली हे त्याले मालूम नसते," ते म्हणाले. "पळत जाते, भिंतीले धडकते अन वापस येते. शेवटी जिरवाले काहीतरी ठेवा लागते. नाई तं आपलाच आवाज आपल्याले ऐकू येते, अन वाटते दुसरं कोनी बोललं."

हे सगळं मला पुस्तकातून येत होतं. परीक्षेत त्यावरचा प्रश्न मी सोडवला होता आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. पण तार नावाच्या वस्तूला लांबी असते आणि तिच्यातून जायला सिग्नलला वेळ लागतो, हे मला त्या अंगणात पहिल्यांदा दिसलं. रागही आला. चार वर्षं शिकले ते काय, असं वाटलं. त्या रागात मी पानभर गणित मांडून त्या केबलीसाठी रेझिस्टर किती लागेल ते काढलं. उत्तर आलं पंच्याहत्तर ओहम. मेश्रामजींनी आपला फिरवलेला रेझिस्टर मोजला, तो अडुसष्टाच्या आसपास निघाला. ते माझ्या कागदाकडे बराच वेळ कौतुकानं बघत राहिले. "न पाहता काढलं तुमी," म्हणाले. "मले पाहा लागते."

तेव्हापासून आमचा एक परिपाठ पडला. दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर मी एखादं इंग्रजी तांत्रिक मासिक वाचायची, ते मराठीत सांगायची, आणि मेश्रामजी त्यांच्या लांबट वहीत लिहायचे. वहीचं प्रत्येक पान मधोमध रेघ मारून दुभागलेलं. डावीकडे मथळा 'गेलं', उजवीकडे 'आलं'. मी अर्धा तास घाम गाळून समजावलेल्या लेखाचं त्यांच्याकडे दीड ओळीत सार होई. एकदा मी चिडून म्हटलं, की लेखक एवढा विद्वान आहे, त्याचं म्हणणं इतकंच कसं असेल? ते म्हणाले, "त्याचं जास्त असन. आपल्याले लागनार इतकंच."

त्यांची कीर्ती एकदाच खाणीबाहेर गेली. खाली साचणाऱ्या पाण्याची पातळी दाखवणारं एक यंत्र बाहेरच्या पुरवठादाराकडून आलं होतं. ते दिवसातून दोन-तीनदा मनानंच शून्यावर जाई. पुरवठादारानं एक तरुण इंजिनियर पाठवला. त्यानं दोनदा पॉवर सप्लाय बदलला, दोनदा कपाळाला हात लावला. तिसऱ्या दिवशी मेश्रामजींनी कार्ड मागून घेतलं आणि मोठ्यानं मोजलं. आयसी चौदा. कपॅसिटर तीन.

"आमच्या कॉलनीत पान्याची टाकी एकच आहे," ते त्या तरुणाला सांगू लागले. तो हिंदीवाला होता, पण यांचं मराठी त्याला थांबवता येईना. "सकाळी सगळे नळ संगंच खोलतात. टाकी भरेल असते, तरी शेवटच्या घरी धार येत नाई. मंग बाई काय करते? दारात रांजन भरून ठेवते. टाकी दूर आहे, तहान आत्ता लागते." डबा उघडून त्यांनी अकरा कपॅसिटर काढले आणि ज्या आयसीच्या दारात रांजण नव्हता तिथे एकेक लावला. त्यानंतर ते यंत्र शून्यावर गेलं नाही. तरुणानं निघताना त्यांना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "सर, आपने किस कॉलेज से किया?"

"नल से," मेश्रामजी म्हणाले.

आता मुख्य गोष्टीकडे येते, जी सांगायला मला इतकी वर्षं लागली.

खाणीत माणसं आणि दगड ज्या पिंजऱ्यातून वर-खाली जातात, तो एका प्रचंड ढोलावर गुंडाळलेल्या दोरानं ओढला जातो. तो ढोल चालवणारा ड्रायव्हर वर, वाइंडर रूममध्ये बसतो. त्याच्या खुर्चीवरून त्याला पिंजरा दिसत नाही. पिंजरा कुठे आहे हे त्याला ढोलावर रंगवलेल्या पांढऱ्या खुणांवरून कळायचं. आमचे ड्रायव्हर बिसेनजी. पंचवीस वर्षांची सवय, डोळे मिटूनही पिंजरा उंबऱ्याशी लावतील असे. पण मॅनेजर मिश्रासाहेबांनी ठरवलं, की आता आकड्यांचा काउंटर हवा. ढोल फिरला की एक सेन्सर दर मीटरला एक टिकली, म्हणजे विजेचा बारीकसा झटका, पाठवणार, आणि काउंटर मीटर मोजून लाल आकड्यांत दाखवणार. तो बनवायचं काम माझ्याकडे आलं. माझं स्वतःचं पहिलं काम. ते बरं झालं तर प्रोबेशन संपून नोकरी पक्की, हे मिश्रासाहेबांनी आडवळणानं सांगितलं होतं.

मी जीव ओतला. सर्किट चांगलं होतं, हे आजही म्हणेन. आणि वायरिंग तर असं केलं, की लोक बघायला येत. सगळ्या तारा एका रेषेत आणून, काटकोनात वळवून, मेणाच्या दोऱ्यानं बोट-बोट अंतरावर गाठी मारत एक देखणा जुडगा बांधला. हे टेलिफोनवाल्यांचं जुनं कसब, मी मुद्दाम शिकून घेतलं होतं. वर्कशॉपात त्याला 'मॅडमची वेणी' नाव पडलं. मिश्रासाहेब पाहुण्यांना दाखवत, "देखिए, लेडी का हाथ है." मला ते वाक्य आवडत नसे आणि आवडतही असे.

मेश्रामजींनी वेणी पाहिली तेव्हा आगकाडी काढलीच नाही. "चांगली दिसून राह्यली," म्हणाले. मग जरा थांबून, "एक एक तार तिच्या जोडीदाराले पीळ देऊन येगळी नेली असती तं बरं झालं असतं."

मी म्हणाले, "मेश्रामजी, असं बांधणं ही स्टँडर्ड प्रॅक्टिस आहे."

"हौ," ते म्हणाले, आणि विषय संपला.

चाचण्या सुरू झाल्या. पांढऱ्या खुणा ढोलावर होत्याच, बिसेनजी पिंजरा त्यांच्यावरच चालवत आणि मी काउंटर ताडून बघत असे. तीन आठवडे आकडा बरोबर आला. एका दुपारी मेश्रामजी खालचं काम आटोपून वर आले, पिंजरा उंबऱ्याशी नेमका लागला, आणि काउंटरवर शून्याऐवजी दोन. बिसेनजींनी मला बोलावून दाखवलं. मी म्हटलं, सेन्सरवर धूळ आली असेल. धूळ पुसली आणि पुढचे तीन दिवस साठ खेपा मोजल्या. दगड भरून वर, रिकामा खाली. साठच्या साठ बरोबर.

दोन मीटर म्हणजे काय, ते सांगायला हवं. पिंजरा वर येताना दोन मीटर जास्त ओढला गेला तर तो माणसांसकट मनोऱ्याच्या चाकाकडे जातो. त्याला अटकाव असतो, पण अटकावाच्या भरवशावर कोणी माणसं बसवत नाही. आणि तशातच येत्या सोमवारी हेड ऑफिसचे मोठे साहेब काउंटरचं उद्घाटन करायला येणार होते. रंगारी लागले होते. मनोरा रंगला, कुंपण रंगलं, शनिवारी दुपारी ढोल रंगायचा होता, पांढऱ्या खुणांसकट. मिश्रासाहेब म्हणाले, "अब काउंटर है, निशान की क्या ज़रूरत?" फक्त एका फॉर्मवर माझी सही हवी होती, की काउंटर माणसांच्या फेऱ्यांसाठी योग्य आहे.

शनिवारी सकाळी फॉर्म माझ्या पर्समध्ये होता. मेश्रामजी दारात उभे राहिले. "मॅडम, दगड असला तं चुकत नाई," ते म्हणाले. "मी असलो तं चुकते."

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी समजावलं ते असं. पिंजरा हलवायचा तर खालचा माणूस विजेची घंटा वाजवून वर इशारा देतो. दगड असला तर दोन ठोके. पण माणसं बसणार असली तर आधी तीन ठोके जादा द्यायचे, म्हणजे ड्रायव्हर सावध होतो आणि हळू हाकतो. ही आमच्या खाणीची जुनी रीत. घंटेची तार वाइंडर रूममध्ये येते, आणि मी ती नीटनेटकेपणाच्या हौसेनं काउंटरच्या तारांबरोबर त्याच वेणीत घातली होती. घंटेच्या जाड्या कॉइलची, म्हणजे तारेच्या वेटोळ्याची, वीज सुटताना तारेत झटका बसतो. पूर्वीचे रिले, म्हणजे विजेनं चालणारे खटके, म्हातारे होते, त्यांना असलं ऐकू येत नसे. माझ्या नव्या आयसी तिखट कानांच्या. शेजारच्या तारेतली घंटा त्यांना ढोलाची टिकली वाटत असणार. "दगडाच्या खेपेले घंट्या कमी," ते म्हणाले. "मानसं बसली की जास्ती. म्हनजे थे चुकनार तवा मानसं असतानाच चुकनार."

मला ते पटलं, आणि पटायला नको होतं. "असेल असं," मी म्हटलं. "पण दिसलं तर पाहिजे."

"म्हनून तं आलो. मी दुसऱ्या लेव्हलले जातो अन घंटी मारत राहतो. पिंजरा हालवू नका. तुमी नंबर पाहा."

दुसरी लेव्हल म्हणजे खाणीचा दुसरा मजला, नव्वद मीटर खोल. मेश्रामजी खाली गेले, पिंजरा तिथे थांबला, बिसेनजींनी ब्रेक लावून ठेवला. त्यांची खुर्ची ढोलाकडे तोंड करून होती आणि काउंटर अजून त्यांच्या पाठीमागे, भिंतीशी टेबलावर मांडलेला. आकडा फक्त मला दिसत होता. नव्वद.

घंटा वाजली. तीन ठोके. नव्वद. पुन्हा तीन. नव्वद. पाचदा झालं की खालून टेलिफोन येई, "बदललं का?" मी सांगे, "नाही." पुन्हा पाच. मी मनातल्या मनात त्या आकड्याची विनवणी करत होते, हे लपवत नाही. वीस झाले, पंचवीस झाले. सव्विसाव्या वेळी तिसऱ्या ठोक्याबरोबर नव्वदाचे ब्याण्णव झाले. आवाज नाही, काही नाही. ब्याण्णव.

तिसावी घंटा झाल्यावर टेलिफोन वाजला. "बदललं का, मॅडम?"

"नाही," मी म्हणाले.

मी विचार करून खोटं बोलले असंही म्हणता येणार नाही. पाच वेळा खरा ठरलेला तो शब्द तोंडात तयार होता, तोच बाहेर पडला. पण तो मागे घ्यायला वेळ भरपूर होता आणि मी घेतला नाही. खाली त्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि पुन्हा घंटा सुरू केली. एकतीस. बत्तीस. अंधारात, ओल्या दगडाशी उभा राहून हा माणूस बटण दाबत होता आणि वर काय दिसतं ते सांगायला त्याच्याकडे माझ्याशिवाय कोणी नव्हतं. चौतिसाव्या वेळी ब्याण्णवाचे चौऱ्याण्णव झाले. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे सकाळच्या पाळीची माणसं आली, एका पिंजऱ्यात चौदा. या वेळी मी त्यांच्या फोनची वाट पाहिली नाही. मीच रिसीव्हर उचलून खाली फोन लावला.

"बदललं का?"

"हौ," मी म्हणाले.

"किती?"

"दोन."

"काउंटरले हात लावू नका. मिश्रासाहेबाले दाखवू. पिंजराही राहू द्या तसाच, मी शिडीनं येतो."

नव्वद मीटर शिडी. पंचावन्नच्या पुढचा माणूस. अर्धा तास तरी लागणार होता. तेवढा वेळ मी त्या चौऱ्याण्णवासमोर बसून होते. दोनच बदलला असता तर तिथे ब्याण्णव असायला हवे होते. माझ्या काउंटरला एकच बटण होतं, शून्य करायचं. ब्याण्णव करायची सोय नव्हती. खोटं बोलता येईल अशी कुठलीच व्यवस्था मी त्या यंत्रात केली नव्हती.

मेश्रामजी आले तेव्हा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि हात लाल मातीनं भरले होते. ते टेबलाशी आले आणि आकड्याकडे बघत उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. खोलीत ढोलाच्या वंगणाचा वास होता आणि बाहेर रंगारी गाणं म्हणत होते. माझं बोलणं बिसेनजींनीही ऐकलं होतं. ते खुर्चीतून उठले, "कितना बताया, मैडम? दो ना?" असं म्हणत टेबलाकडे वळले. ते दोन पावलं चालून येईपर्यंत मेश्रामजींनी बटण दाबलं. आकडा शून्य झाला.

"हौ, दो," ते बिसेनजींना म्हणाले. "पानी है क्या?"

ते तांब्याभर पाणी प्यायले. मग मला म्हणाले, "ब्लेड आना, मॅडम." मी आणलं. त्यांनी हात पुढे केला नाही. वेणी मीच कापली, एकेक गाठ, आणि त्या गाठी खूप होत्या.

दुपार त्यात गेली. काउंटरची प्रत्येक तार तिच्या परतीच्या तारेबरोबर जोडीला घ्यायची, दोघींची टोकं हात-ड्रिलच्या तोंडात धरायची आणि ड्रिल फिरवून पीळ द्यायचा. घंटेची तार खोलीच्या पलीकडच्या भिंतीवरून. तारेच्या शेवटी रेझिस्टर, आयसीच्या दारात कपॅसिटर. मेश्रामजींनी पूर्ण दुपारभरात कामाशिवाय एक अक्षर काढलं नाही. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. फॉर्मवर मी सही केली नाही आणि ढोलाच्या खुणा रंगवू दिल्या नाहीत. मिश्रासाहेबांना घंटेचं कारण सांगितलं. त्यांना ते समजलं, पण आवडलं नाही.

सोमवारी साहेब आले. त्यांना उघड्या पेटीत पिळाच्या तारांचा गुंता बघायला मिळाला आणि उद्घाटन पुढे ढकललं गेलं. माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. शेऱ्यात लिहिलं होतं, कामात नीटनेटकेपणाचा अभाव. तो कागद मी मेश्रामजींना दाखवला तेव्हा मात्र ते हसले, फार हसले, आणि खिशातून रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले.

त्यानंतर दोन महिने आम्ही चाचण्या घेतल्या. तीन-तीन ठोके, शेकडो वेळा. पंप चालू, पंप बंद, घंटा, टेलिफोन, सगळं एकदम. दर वेळी घंटा मारायला मेश्रामजी खाली आणि आकडा बघायला मी. आकडा हलला नाही. मी शेवटी सही केली. चौऱ्याण्णवाबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही नाही. गुरुवारचं वाचन पूर्वीसारखं चालू राहिलं. कितीदा मी मासिक उघडायच्या आधी बोलायचं ठरवलं आणि नुसतं मासिक उघडलं.

मग तो दिवस आला. ढोलावरच्या पांढऱ्या खुणा रंगाखाली गेल्या होत्या आणि माणसांची पहिली फेरी काउंटरवर जायची होती. पहिले आठ दिवस एकानं काउंटरशी बसून आकडा मोठ्यानं वाचायचा आणि बिसेनजींनी त्या आवाजावर पिंजरा हाकायचा, असं ठरलं होतं. मिश्रासाहेब म्हणाले, "मेश्रामजी, काउंटर पर आप बैठिए. पहला दिन है, भरोसे का आदमी चाहिए."

"मी पहिल्या पिंजऱ्यात जातो, साहेब," मेश्रामजी म्हणाले. मग साहेबांना नीट कळावं म्हणून हिंदीत, "नंबर मैडम देखेंगी."

यानंतरही ते दीड वर्ष नोकरीत होते. रिटायर होऊन खैरलांजीकडे आपल्या गावी गेले, तिथेच वारले. मी वेळेवर पोचले नाही. पण त्यांचं नाव निघालं की मला ते वाइंडर रूमच्या खिडकीतून दिसलेले दिसतात. डोक्याला टोपी, टोपीला दिवा, चौदा माणसांत पुढे उभे. दांडीला हात. त्यांनी एकदाही खिडकीकडे पाहिलं नाही. घंटा वाजली. तीन ठोके, मग दोन. बिसेनजींनी ब्रेक सोडला, मेश्रामजींची टोपी जमिनीखाली गेली, आणि मी मोठ्यानं वाचायला लागले, एक, दोन, तीन.